एनएबीएल आहे ना, मग झालं? आयात मालाच्या तपासणीबद्दल

बंदरावरचा

गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेलो होतो. तिने बाहेरून आलेल्या पिस्त्यांचं पाकीट पुढे केलं आणि विचारलं, "दादा, हे बंदरावर तपासूनच येतं ना रे?" मी हो म्हणालो. पण घरी पोचेपर्यंत ते 'हो' मनात टोचत राहिलं. उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितो.

मी न्हावा शेव्याला एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करतो. २१ वर्षं झाली. कागदावर नाव बदललं तरी आमच्याकडे अजून सगळे सीएचए (कस्टम हाऊस एजंट) म्हणतात. खाण्याच्या मालाचं काम मीच बघतो.

आधी पद्धत सांगतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयात अर्ज, भरली की खाद्यमालाची माहिती सिस्टिममधूनच एफएसएसएआयकडे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे जाते. १ एप्रिल २०१६ ला स्विफ्ट ही एक-खिडकी ऑनलाइन सोय सुरू झाल्यापासून त्यासाठी वेगळं खेटे घालणं कमी झालं. प्रत्येक कंटेनरचा नमुना निघतोच असं नाही. माल कुठला, कोणाचा, आधीचा इतिहास काय, हे बघून निवड होते. निवड झाली की कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) उघडतो आणि एफएसएसएआयचा ऑथराइज्ड ऑफिसर येतो.

लॅबच्या आधी नुसत्या डोळ्यांनी तपासणी असते आणि पुष्कळ माल तिथेच अडकतो. लेबल बघतात, पेट्या भिजल्यात का, किडे आहेत का ते बघतात. एक्सपायरीला किती दिवस उरलेत हेही बघतात: एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा ३ महिने, यातलं जे कमी असेल तेवढे उरलेलेच पाहिजेत. यातून पार झालं की नमुना. २०१७ च्या आयात नियमांप्रमाणे त्याचे दोन भाग करतात. दोन्ही सीलबंद. एक लॅबला जातो, दुसरा ऑफिसरच्या ताब्यात राहतो. लॅबने ५ दिवसांत अहवाल द्यायचा. नमुना नियमांत बसला तर एनओसी (माल सोडायला हरकत नाही), नाही बसला तर एनसीआर (माल नापास).

ही लॅब सरकारी असेल किंवा खाजगी. बरेच जण समजतात की 'मान्यताप्राप्त' हा एकच शिक्का असतो. दोन वेगळे आहेत. एनएबीएल ही क्वालिटी कौन्सिलखालची संस्था, ती आयएसओ १७०२५ प्रमाणे लॅबची पात्रता तपासते. तिचं काम एवढंच सांगणं की या लॅबला ही चाचणी नीट करता येते. त्यानंतर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४३ खाली एफएसएसएआय त्या लॅबला अधिसूचित करते. म्हणजे तिच्या अहवालाला कायद्यात वजन येतं. पहिलं नसेल तर दुसरं मिळत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एनएबीएलची मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही. ती चाचणीला मिळते, आणि तीही ठरावीक मालासाठी. प्रमाणपत्राबरोबर एक लांबलचक परिशिष्ट असतं, त्याला स्कोप म्हणतात. कोणत्या मालात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीने, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. भिंतीवर प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं, परिशिष्ट फायलीत असतं. लोक भिंत बघून परततात.

माझ्या हातून गेलेलं एक प्रकरण. इराणी पिस्ते, वीस फुटी कंटेनर, आमच्या एका जुन्या पार्टीचा. अफ्लाटॉक्सिनवर, म्हणजे बुरशीच्या विषावर, नापास झाला. मालकाचा चेहरा उतरला, कारण निघतानाचा तिकडचा अहवाल स्वच्छ होता. अहवाल हातात घेऊन बसलो आणि रात्री त्या लॅबचा स्कोप काढला. लॅबचं नाव लिहीत नाही. अफ्लाटॉक्सिन होतं, पण धान्य आणि मसाल्यांखाली. सुक्यामेव्याखाली ती ओळच नव्हती. अपील केलं, ते लिहून दिलं. ठेवलेला दुसरा भाग रेफरल लॅबला, म्हणजे अपिलातली फेरतपासणी करणाऱ्या लॅबला गेला आणि निकाल मर्यादेच्या आत आला. माल सुटला, पण तोवर तीन आठवड्यांवर दिवस गेले होते. सीएफएसचं ग्राउंड रेंट (जागेचं भाडं) वेगळं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार) वेगळं. त्या पार्टीने परत पिस्ते आणले नाहीत.

म्हणून सांगतो, आयात करणारे असा, निर्यात करणारे असा, की घरी खाणारे: 'एनएबीएल आहे का' या प्रश्नाला काही अर्थ नाही. 'या मालातल्या या घटकासाठी आहे का' हे विचारा.

प्रयोगशाळेतली

दादा, मनापासून धन्यवाद. मी ठाण्याजवळच्या एका खाजगी लॅबमध्ये केमिकल विभागात आहे. तुमच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत, पण पिस्त्यांच्या प्रकरणात पहिल्या लॅबला एकदम दोषी धरू नका. स्कोपमध्ये नसलेली चाचणी त्यांनी करायलाच नको होती, ते खरं. पण दोन अहवाल वेगळे आले म्हणजे एक खोटा, असं अफ्लाटॉक्सिनमध्ये नसतं.

बुरशी सगळ्या मालाला सारखी लागत नाही. किलोभर पिस्त्यात आठशे-हजार दाणे धरा. त्यातला एखादाच फुटका, बुरशी लागलेला दाणा सगळं विष घेऊन बसलेला असतो, बाकीचे निर्मळ. तो दाणा पहिल्या पुडक्यात गेला तर पहिला भाग नापास आणि दुसरा पास. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत झाडावरच्या सुक्यामेव्यासाठी २० किलोचा नमुना सांगितलाय. तो सगळा दळायचा, मग त्यातून थोडासा घ्यायचा. आपल्याकडे येणारं पुडकं त्याच्या कित्येक पटीने लहान असतं. मर्यादा किती बारीक आहे बघा: थेट खाण्याच्या पिस्त्यात एका किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया होणार असेल तर १५.

आमच्याकडे आलेला नमुना आधी पाण्याबरोबर दळून लगदा करतो, कोरड्या दळणापेक्षा तो एकजीव होतो. मग मिथेनॉलने अर्क काढायचा, गाळायचा आणि अँटिबॉडी भरलेल्या छोट्या कॉलममधून सोडायचा. थेंब सेकंदाला एक, त्याहून जोरात नाही. घाई केली तर विष कॉलमला न चिकटताच निघून जातं आणि माल आपोआप पास होतो! शेवटी एचपीएलसी, म्हणजे विष मोजणारं यंत्र. अफ्लाटॉक्सिन बी आणि जी ही नावं कशी पडली माहितीये? अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बी निळा चमकतो आणि जी हिरवा, म्हणून ब्लू आणि ग्रीन.

एनएबीएलचे असेसर आले तेव्हा मी नवीन होते. मला वाटलं फायली बघून जातील. त्यांनी मला कॉलमपाशी उभं करून अख्खी टेस्ट करायला लावली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. तराजूचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे स्टँडर्ड कोणत्या बाटलीतलं, फ्रीजच्या तापमानाची नोंद शनिवारची कुठाय, सगळं विचारलं. शिवाय वर्षभर प्रोफिशिअन्सी टेस्टिंग असतं. बाहेरून नमुना येतो, उत्तर आम्हाला माहीत नसतं, अनेक लॅब एकाच वेळी तो तपासतात. आपला आकडा सगळ्यांच्या तुलनेत किती दूर ते झेड-स्कोअरने कळतं. दोनच्या आत असलात तर ठीक, तीनच्या बाहेर गेलात तर कारण शोधून सुधारणा लिहून द्यावी लागते. माझा एकदा तीनच्या वर गेला होता. कारण सापडेपर्यंत चार रात्री झोप नव्हती. पिपेट निघाला.

छोटा_आयातदार

दोघांचंही पटलं, पण आमची बाजूही ऐका. मी पुण्यात चीज आणतो, विमानाने सहारला उतरतं. पाच प्रकार, प्रत्येकाच्या मोजक्या पेट्या. नमुना प्रत्येक प्रकाराचा वेगळा, फी प्रत्येकाची वेगळी. शेकडो टन खाद्यतेल आणणाऱ्यालाही एका मालाची एकच फी. माझ्या मालाच्या किमतीवर ती किती बसते याचा हिशोब करून बघा. आणि चीजला दिवस मोजकेच. ५ दिवस कागदावर ठीक आहेत, मध्ये शनिवार-रविवार आणि एखादा सण आला की माझं उरलेलं आयुष्य तिकडेच संपतं. तपासणी नको असं मी म्हणतच नाही. माझ्याही घरी लहान मुलगी हेच चीज खाते. पण लहान मालासाठी वेगळी सोय हवी.

बंदरावरचा

@छोटा_आयातदार, हे अगदी खरं. एक करता येतं: एकाच उत्पादकाकडून नियमित आणा आणि तिकडच्या लॅबचे अहवाल पहिल्या खेपेपासून नीट जपून ठेवा. निवड जोखीम बघून होत असल्यामुळे स्वच्छ इतिहासाला किंमत आहे. पुरवठादार दर खेपेला बदलत राहिलात तर दर खेपेला तुम्ही नवखेच.

@प्रयोगशाळेतली, ताई, त्या एका दाण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या लॅबवर मनात राग धरून होतो. स्कोपबद्दलचा राग अजून आहे, आकड्याबद्दलचा सोडतो.

निवृत्त_रसायनी

मी आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत होतो, आता सत्तरी ओलांडली. धागाकर्त्याचा मुद्दा न्यायालयाच्या निकालाने सिद्ध झालेला आहे, तो इथे यायलाच हवा.

२०१५ सालचं मॅगी प्रकरण सर्वांना आठवत असेल. ५ जून २०१५ ला बंदी आली, शिसं जास्त असल्याच्या अहवालांवरून. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ ला ती बंदी रद्द केली. बाहेर लोक म्हणाले कंपनी सुटली. निकालाचा गाभा वेगळा होता. ज्या प्रयोगशाळांचे अहवाल आधार म्हणून धरले होते त्यांतल्या काहींना मान्यता नव्हती आणि जिथे होती तिथे ती शिशाच्या चाचणीसाठी नव्हती. न्यायालयाने पंजाब, हैदराबाद आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितलं. तिन्हीकडे शिसं २.५ पीपीएमच्या मर्यादेत आलं आणि नोव्हेंबरमध्ये माल पुन्हा दुकानात आला. मॅगी आयात माल नव्हे, हे मला कळतं. पण परिशिष्टातली एक ओळ नसली तर देशभराची कारवाई कशी कोसळते, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही. त्या दिवशी माझ्या सहकाऱ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. आम्ही प्रामाणिकपणे काम करणारी माणसं होतो, पण कागद पूर्ण नव्हता.

आता माझी तक्रार. आयातीची बहुतेक तपासणी खाजगी प्रयोगशाळांवर सोपवणं मला पटत नाही. लबाडीच्या शंकेने म्हणत नाही. अर्थशास्त्र असं आहे की जी चाचणी रोज येते ती सगळ्यांकडे असते आणि जी महिन्यातून एकदा येते ती कोणाकडेच नसते. कोटीच्या घरातलं यंत्र, त्याचं संदर्भ द्रव्य, प्रशिक्षित माणूस, हे सगळं एका दुर्मीळ विषासाठी कोण बाळगणार? आणि त्या दुर्मीळ विषानेही माणसं मरतात.

मेलामाइन आठवा. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात ते मिसळलं गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. ते दूध चाचणीत पास होत होतं! प्रथिनं मोजायची जुनी केल्डाल पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि नायट्रोजनवरून प्रथिनांचा अंदाज बांधते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. पाणी घालून पातळ केलेलं दूध त्यामुळे कसदार दिसायचं. प्रयोगशाळेने चूक केली नव्हती, तिला विचारलेल्या प्रश्नाचं तिने बरोबर उत्तर दिलं होतं. आपल्याकडे सप्टेंबर २००८ पासून चिनी दूध आणि दुग्धजन्य पदार्थांवर बंदी आहे. २०१९ मध्ये ती वाढवताना काय म्हटलं होतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: सर्व बंदरांवरच्या प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्याइतक्या सक्षम होईपर्यंत. म्हणजे त्या घटनेला अकरा वर्षं झाल्यावरही ही क्षमता सर्व बंदरांवर नव्हती. हा खर्च बाजार करणार नाही, तो सरकारनेच करायला हवा.

प्रयोगशाळेतली

सर, तुमचं केल्डालचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. आम्ही कॉलेजात ती पद्धत पाठ केली होती, ही गोष्ट कोणी सांगितली नाही.

याच जातीचं एक ताजं उदाहरण मसाल्यांचं. ५ एप्रिल २०२४ ला हाँगकाँगने दोन मोठ्या भारतीय ब्रँडचे चार मसाले एथिलीन ऑक्साइड या निर्जंतुकीकरणाच्या रसायनामुळे दुकानांतून उतरवले. मग स्पाइसेस बोर्डाने हाँगकाँग आणि सिंगापूरला जाणाऱ्या मसाल्यांची त्यासाठी तपासणी सक्तीची केली. आता यातली गोम बघा. एथिलीन ऑक्साइड हा वायू आहे, उडून जातो, आणि मालात त्याचा काही भाग २-क्लोरोइथेनॉल होऊन बसतो. युरोपात मर्यादा ठरवताना दोघांची बेरीज धरतात. एखाद्या लॅबच्या स्कोपमध्ये नुसतंच 'एथिलीन ऑक्साइड' असेल तर तिचा अहवाल म्हणेल 'आढळले नाही'. अहवाल खरा, आणि तिकडे पोचल्यावर तोच माल नापास. म्हणून घटकाच्या नावापुढे काय मोजलंय हेसुद्धा वाचा.

सई_ची_आई

विषय खाण्याचा आहे, पण खेळण्यांचं विचारू का? २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिलने दिल्लीच्या बाजारातून १२१ खेळणी घेऊन तपासली आणि ६६.९ टक्के नापास झाली, असं वाचून मी तेव्हा सगळी मऊ प्लॅस्टिकची खेळणी फेकून दिली होती. सई तेव्हा वर्षाची होती, सगळं तोंडात घालायची. आयात खेळण्यांना तर २०१७ पासूनच लॅबचा दाखला लागत होता ना? मग इतकी नापास कशी?

बंदरावरचा

ताई, दाखला एका नमुन्याचा असायचा आणि त्यावर माल येत राहायचा. आधी पाठवलेला नमुना आणि नंतर कंटेनरमध्ये आलेला माल एकच, याची हमी त्या कागदात नसते. डिसेंबर २०१९ मध्ये प्रत्येक खेपेतून नमुना काढायचं ठरलं. त्या काळात आमच्या सीएफएसमध्ये खेळण्यांचे कंटेनर रांगेने उभे होते. १ जानेवारी २०२१ पासून पद्धतच बदलली: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना असल्याशिवाय खेळणं विकता येत नाही, परदेशी कारखान्यालाही तो घ्यावा लागतो. त्यामुळे आता तुम्ही आयएसआयची खूण आणि तिच्याजवळचा सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक बघा. तो बीआयएसच्या ॲपवर टाकून पडताळता येतो. खूण आहे आणि क्रमांक नाही, असं खेळणं घेऊ नका.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत भारतीय किराणा आणणाऱ्या एका गोदामात क्वालिटी बघतो. इकडची उलटी बाजू सांगतो, कारण भारताच्या पद्धतीत एक गोष्ट फार चांगली आहे आणि तुम्हाला तिची सवय झाल्यामुळे ती दिसत नाही.

तुमच्याकडे नमुना ऑफिसर काढतो, तोच लॅबला पाठवतो. इकडे एखादा माल एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याच्या, इम्पोर्ट अलर्टवर (संशयित मालाच्या यादीवर) असेल तर तो बंदरावर नुसता अडकतो, तपासणीशिवायच. तो निर्दोष आहे हे आयातदाराने सिद्ध करायचं. म्हणजे लॅब आयातदार शोधणार, पैसे आयातदार देणार, नमुनाही त्याच्याच खर्चाने निघणार. वर्षानुवर्षं असंच चाललं. एका लॅबचा निकाल वाईट आला तर तो फायलीत ठेवून दुसरीकडे जाण्याचा मोह किती मोठा, ते तुम्हीच ओळखा.

इकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यात यावर उपाय होता, पण त्याचा अंतिम नियम ३ डिसेंबर २०२१ ला आला. त्याला इकडे लाफ म्हणतात. त्यात दोन गोष्टी आहेत: लॅबला मान्यता देणाऱ्या संस्थेला आधी एफडीएची मान्यता हवी, आणि लॅबने अहवाल थेट एफडीएला पाठवायचा. आयातदार मध्ये नाही, वाईट निकाल दाबता येत नाही. तेही सगळ्या चाचण्यांना एकदम लागू झालं नाही, कारण पुरेशा लॅब तयार नव्हत्या. आयातीच्या बाबतीत पहिली पाळी बुरशीच्या विषांची आली, १ डिसेंबर २०२४ पासून.

निवृत्त सरांना म्हणून विनंती: खाजगी की सरकारी यापेक्षा, नमुना कोणाच्या हातात आणि अहवाल आधी कोणाकडे, हे जास्त महत्त्वाचं आहे.

निवृत्त_रसायनी

एडिसनकर, तुमचा मुद्दा मान्य. नमुना ऑफिसरच्या हातात असणं ही आपली जमेची बाजू आहे, आणि मी ती गृहीतच धरली होती. दुर्मीळ चाचण्यांबद्दलचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.

बाग_निफाड

रामराम मंडळी. मी द्राक्षवाला. आतापर्यंत नुसता वाचत होतो. तुम्ही आयात मालाचं बोलताय, पण आमची द्राक्षं रॉटरडॅमला उतरली की तिकडच्या लोकांसाठी तीही आयात मालच की! म्हणून लिहितो.

२०१० चा हंगाम. आम्ही चार वर्षांपूर्वीच ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदणी केलेली. प्रत्येक बागेला नंबर, फवारणीची वही, काढणीच्या आधी लॅबचा माणूस येऊन स्वतः घड तोडून नमुना नेणार, अहवाल आला तरच माल पॅकहाऊसला. तेव्हा देशात दुसऱ्या कोणत्याच पिकाला इतकी कडक शिस्त नव्हती, आणि आम्हाला तिचा अभिमान होता. अहवाल स्वच्छ. कंटेनर गेले.

मग तिकडून फोन आला की क्लोरमेक्वाट सापडलंय. आमच्या भाषेत लिहोसीन. ते कीटकनाशक नव्हेच. वेलीची वाढ आवरायला छाटणीनंतर मारतात, वाढरोधक. द्राक्षाच्या घडावर कोणी मारत नाही, एप्रिल छाटणीनंतर पानांवर मारतात, आणि माल निघतो दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात. दहा-अकरा महिन्यांनी ते घडात निघेल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. तपासायच्या औषधांच्या यादीतच ते नव्हतं, म्हणून लॅबने बघितलं नव्हतं. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम.

आमचे दोन कंटेनर अडकले. माझे वडील तेव्हा होते. अहवालाचा कागद त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला होता आणि कोणीही भेटलं की काढून दाखवायचे: "हे बघा, सगळं 'नाही' लिहिलंय." खरंच सगळ्या ओळींपुढे 'आढळले नाही' होतं. जी ओळ पाहिजे होती तीच नव्हती. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज फिटलं नाही. पुढच्या हंगामापर्यंत यादीत क्लोरमेक्वाट आलं, लॅबांनी त्यासाठी यंत्रं लावली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची रेफरल लॅब त्यावर नजर ठेवते. आता निर्यात परत नीट चालते. पण वडिलांना तो कागद शेवटपर्यंत समजला नाही. 'लॅब खोटं बोलली' असंच ते म्हणत राहिले. आज निवृत्त सरांचं दुधाचं वाचलं तेव्हा वाटलं, हे त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

प्रयोगशाळेतली

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

एक तांत्रिक गोष्ट, तुम्हाला उपयोगी पडेल. बाकीची शेकडो औषधं एकाच अर्कातून एकदम तपासता येतात. क्लोरमेक्वाट पाण्यात फार विरघळतं, त्यामुळे नेहमीच्या अर्कात ते नीट येत नाही, त्याला वेगळी पद्धत लावावी लागते. म्हणून 'आम्ही एवढी औषधं तपासतो' हा आकडा कितीही मोठा असला तरी तुमचं औषध त्यात असेलच असं नाही. आकडा विचारू नका, नाव विचारा.

सई_ची_आई

हा स्कोप आमच्यासारख्यांना बघता येतो का? की लॅबकडे मागावा लागतो?

बंदरावरचा

कोणालाही बघता येतो, फुकट. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅब शोधायची सोय आहे. नाव टाका किंवा टीसी ने सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक. स्कोपची पीडीएफ उघडेल. ती शंभर-दीडशे पानांचीही असते, म्हणून आत शोधताना आधी मालाचा गट बघा आणि मग घटक. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं, घटक सापडला म्हणून खूश झालो आणि गट बघायचा राहिला. केमिकल आणि बायॉलॉजिकल हे भाग वेगळे असतात, जंतूंची चाचणी पहिल्यात सापडली नाही म्हणून घाबरू नका. मुदत संपलीय का तेही वर लिहिलेलं असतं.

अहवाल हातात असेल तर त्यावर यूएलआर नंबर (प्रत्येक अहवालाचा स्वतंत्र क्रमांक) आहे का बघा. आणि एकाच अहवालात काही चाचण्या मान्यतेतल्या, काही बाहेरच्या असू शकतात. बाहेरच्यांपुढे तसं लिहिणं लॅबला बंधनकारक आहे. बहुतेक वेळा ते बारीक अक्षरात तळाशी, एका चांदणीच्या खुणेने असतं. ती चांदणी शोधा.

छोटा_आयातदार

आत्ताच माझ्या फ्रान्सच्या पुरवठादाराचा अहवाल काढला. तिकडच्या मान्यता संस्थेची खूण आहे, पण लिस्टेरिया जंतूच्या ओळीपुढे चांदणी आहे. दोन वर्षं हाच कागद मी सगळ्यांना दाखवतोय. सोमवारी त्यांना मेल करतो.

बाग_निफाड

बंदरावरचे दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. पोरीला बसवलं कॉम्प्युटरवर. आमचा नमुना ज्या लॅबला जातो तिचा स्कोप उघडला, एकशे बारा पानं निघाली. आधी गट: फळे व भाज्या. मग मी फवारणीची वही उघडून एकेक नाव वाचत गेलो आणि ती शोधत गेली. क्लोरमेक्वाट आहे, वेगळ्या पद्धतीखाली, ताई म्हणाल्या तसंच. वहीत या हंगामातली एकूण सतरा औषधं आहेत. पंधरा सापडली, दोन नाहीत. त्यातलं एक यंदाच नवीन घेतलं होतं, भुरीसाठी. वहीत त्या दोन नावांखाली लाल रेघ मारून ठेवलीय. लॅब सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हा फोन लावतो.